डिसेंबरातलं प्राग, आजी आणि नातू

प्रश्न: डिसेंबरात आम्ही प्रागला जायचं म्हणतोय, सोबत सासूबाई (वय ७१) आणि ८ वर्षांचा मुलगा, थंडी झेपेल का त्यांना?

उत्तर: झेपेल हो, नक्की न्या त्यांना! फक्त एक लक्षात ठेवा, तिकडे डिसेंबरात दुपारी चारलाच अंधार पडतो, म्हणून बाहेरचं फिरणं सकाळी उरकायचं आणि थर्मल, कानटोपी, हातमोजे इथूनच घेऊन जायचे. खरा त्रास थंडीपेक्षा दगडी रस्त्यांचा, ओले झाले की पाय सटकतो, तेव्हा आजींना स्पोर्ट्स शूज नकोत, चांगल्या ग्रिपचे बूटच घ्या. किल्ल्याला चढून जाऊ नका, २२ नंबरची ट्राम वर सोडते. जुन्या टाउन हॉलच्या भिंतीवरचं १४१० सालचं ते खगोलीय घड्याळ मुलाला दाखवाच, सकाळी नऊपासून दर तासाला वरच्या खिडक्या उघडतात, येशूचे शिष्य एकेक करून पुढे सरकतात आणि खाली सांगाडा घंटेची दोरी ओढतो, पोरं आ वासून बघतात. चार्ल्स पुलावर मात्र सकाळी आठच्या आत पोचा, नंतर गर्दीत आजींचा हात सुटायची भीती. आणि हो, तिथे युरो नाही, कोरुना चालतो.