कॅम्पर केलेली (आत राहायची सोय केलेली) ट्रॅव्हलर मिनीबस मागून फार आदळते, आई-वडिलांना पाठीचा त्रास आहे. एअर बॅग टाकू की एक पाटा वाढवू? खर्च किती?

पाटा वाढवू नका. एअर बॅगचं (स्प्रिंगसारखी हवेची पिशवी, अपघातात फुगते ती नव्हे) खाली सांगतो, पण पाटा, म्हणजे मागच्या स्प्रिंगमधली लोखंडी पट्टी, वाढवू नका, मग गॅरेजवाला म्हणू दे, मेव्हणा म्हणू दे, नाहीतर वीस वर्षं ट्रक चालवलेला कोणी म्हणू दे. तुम्ही आई-वडिलांचं लिहिलंय म्हणून एवढं लिहायला बसलोय.

माझी गाडी २०११ ची ट्रॅव्हलर, ३३५० एमएम व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर), आधी शाळेच्या पोरांची ने-आण करायची. आतलं सगळं काम मी आणि आमच्या गल्लीतल्या सुतारानं मिळून केलं. १८ एमएमचा मरीन प्लाय वापरला कारण मजबुती पाहिजे, आणि आठ बाय चारचा तो एक प्लाय साधारण ३५ किलो भरतो हे तेव्हा कुणी मोजलंच नाही. असे सात लागले. मागच्या दाराशी १२० लिटरची पाण्याची टाकी, तिच्या अलीकडं दोन ट्यूब्युलर (जड, शिशाच्या) बॅटऱ्या. म्हणजे जड तेवढं सगळं मागच्या ॲक्सलच्याही (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याच्याही) मागं. गाडी मागून बसली, बसणारच.

माझ्या थोरल्या भावाचे दोन डंपर आहेत. त्यानं एक नजर टाकली आणि म्हणाला, पाटा टाकू, उद्या गाडी घेऊन ये. मी नको म्हणत होतो, मला आधी वजन काढायचं होतं, पण दादासमोर गाड्यांच्या विषयात आमच्या घरात कोण बोलणार. त्याच्या नेहमीच्या पाटेवाल्याकडं गेलो, दोन तासात दोन्ही बाजूंना एकेक जाड पाटा आत गेला, गाडी मागून दीड इंच वर आली, दिसायला एकदम तरतरीत. दादा म्हणाला, बघ.

दिवाळीनंतर, २०२२ च्या नोव्हेंबरात, आईला घेऊन गुहागरला निघालो, व्याडेश्वर आमचं कुलदैवत. कराडहून पाटण, कोयना, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. घाटातच कळायला लागलं होतं. प्रत्येक खड्डा जसाच्या तसा आत येत होता, ओट्यावरचा स्टीलचा डबा दोनदा झाकण उडून सांडला, शेवटी बायकोनं तो मांडीवर घेतला. आई ७१ वर्षांची, सगळ्यात मागच्या बाकावर बसलेली कारण तिथं पाय लांब करता येतात. चिपळूणच्या पुढं एका वाडीच्या तोंडाशी बिनपट्ट्यांचा गतिरोधक होता. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस) नियमात गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, म्हणजे पसरट असतो, हा पाटावरवंट्यासारखा अरुंद आणि उभा. माझा स्पीड चाळीसच्या आत होता. पुढची चाकं गेली, मागची गेली, आणि आई बाकावरून उचलली जाऊन परत बसली. ओरडली नाही. फक्त म्हणाली, थांब जरा.

कमरेच्या पहिल्या मणक्याला कॉम्प्रेशन फ्रॅक्चर, म्हणजे मणका दबून मोडला. तीन महिने पट्टा, त्यातला दीड महिना अंथरुणावर. कुलदैवताचं दर्शन तेव्हा राहिलंच.

दादा आजही म्हणतो की आईची हाडंच ठिसूळ होती, पाट्याचा काय संबंध. हाडं ठिसूळ होती हे खरंय, डॉक्टरांनीही तेच सांगितलं. पण ठिसूळ हाडाच्या माणसाला घेऊन जायचं तर गाडी मऊ पाहिजे की कडक? मी तो पाटा काढून घरी आणला आणि कॅलिपर लावला. १० एमएम. बाकीचे पाटे ८ चे. आता पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनात वाढतो, म्हणजे १० चा एक पाटा ८ च्या जवळजवळ दोन पाट्यांएवढा. एक वाढवला म्हणत दोन वाढवले होते. आणि अजून एक गोष्ट, ती मी दादाला हातात देऊन दाखवली. चालत्या गाडीचे पाटे एकमेकांवर घासतात, टोकांशी चकचकीत पट्टा उमटतो. या पाट्यावर पाटेवाल्यानं मारलेला काळा रंग टोकाला तसाच होता, नखाएवढा ओरखडा सोडला तर. कुंभार्ली उतरून चिपळूणच्या पुढपर्यंत जाऊन आलेला पाटा तो, आणि तो जवळपास हललाच नव्हता. डंपरला हे चालतं कारण तिथं दहा-दहा टन खडी असते पाट्याला वाकवायला. घरगुती सामानानं तो वाकत नाही, मग वाकतं ते माणूस.

दादाचं पुढचं म्हणणं असं की पाटा काढलास तर गाडी बंपस्टॉपवर (स्प्रिंग पूर्ण दबली की ॲक्सल ज्या रबरावर टेकतो त्यावर) आपटेल. मग मी कणकेचे दोन गोळे केले, घट्ट मळलेले, दोन-दोन इंच उंच, आणि बंपस्टॉपच्या रबरांवर बोटांनी दाबून बसवले. पाटा काढलेला, सामान पूर्ण भरलेलं, टाकी काठोकाठ. गावातून, कॅनॉलच्या कच्च्या रस्त्यानं, सगळे गतिरोधक घेत तीस किलोमीटर फिरलो. परत येऊन खाली वाकलो तर एक गोळा अर्ध्यावर चेपलेला, दुसरा थोडा जास्त, पण दोन्हीत बोटभर कणीक शिल्लक. म्हणजे आपटली नव्हती, एकदाही नाही. तो गोळा मी दादाला दाखवला, तो काही बोलला नाही, पण मान्यही केलं नाही.

तर आता तुमचं. पहिलं काम, वजनकाट्यावर गाडीचं वजन करा. प्रवासाला निघताना भरता तशी गाडी भरा, माणसांसकट. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी, वजाबाकीत मागचं येतं. माझं पुढं १३१० किलो, मागं १८९० आलं होतं. मागच्या ॲक्सलच्या १.१ मीटर मागं ठेवलेले १०० किलो त्या ॲक्सलवर १३३ होऊन पडतात आणि पुढचे ३३ उचलतात, साधा तरफेचा हिशोब आहे. टाकी मी दोन्ही ॲक्सलच्या मधे आणली, दोन ट्यूब्युलर काढून एक लिथियम घातली. पुढं १३९०, मागं १७२०. एक रुपयाचं सस्पेंशनचं काम न करता मागचे १७० किलो गेले, आणि बसलेली गाडी बरीचशी आपली आपण उठली.

मग टायरची हवा. मी मागं ६५ पीएसआय ठेवायचो, कारण गॅरेजवाल्यानं सांगितलं कमर्शियल टायर आहे. टायर कंपनीचा लोड तक्ता बघून, वजनाप्रमाणे ५२ वर आणली, खडखड निम्मी गेली. तक्ता न बघता उगाच कमी करू नका, टायर तापतो.

मग पाटे खोलून घासून घेतले, गंज साफ, मधे ग्रीस, बुश (पाट्याच्या टोकांच्या सांध्यात बसतात ते) नवे आणि रबराचेच. पॉलियुरेथेनचे बुश घेऊ नका, ते रबरापेक्षा कडक. गंजलेले पाटे एकमेकांना धरून ठेवतात, मग छोटे खड्डे पाट्यापर्यंत पोचतच नाहीत, थेट आत येतात. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे, जॅकवर नाही, आणि यू-बोल्ट (पाटे ॲक्सलला बांधणारे) पाचशे किलोमीटरनंतर परत आवळायचे. शॉकअप सगळ्यात शेवटी, आणि कंपनीचेच. शॉकअप वजन उचलत नाही, तो नुसतं हेलकावे थांबवतो, "हेवी ड्यूटी" म्हणून घेतला तर खडखडाट वाढतो. माझं सगळं वीस हजारांच्या आत झालं, बॅटरी सोडून.

एअर बॅगचं म्हणाल तर पाटे तसेच ठेवून वर बॅग टाकली की तीही स्प्रिंगच झाली, म्हणजे कडकपणा वाढतो, कमी होत नाही. गाडी एका बाजूला कलते किंवा कधी भरलेली कधी रिकामी असते, त्याला ती चांगली. पाटे काढून पूर्ण एअर करायचं तर लक्षात घ्या, पाटा नुसतं वजन उचलत नाही, ॲक्सल जागेवर धरून ठेवतो, त्याच्यासाठी वेगळे आर्म बसवावे लागतात. ते काम मी कुठल्याही लोकल वेल्डरला करू देणार नाही.

हे सगळं माझ्या गाडीवरून, मी इंजिनियर नाही. मी काढला तो बाहेरून घातलेला पाटा, कंपनीचे आहेत तेवढे राहू द्या. तुमचं वजन आरसीवरच्या जीव्हीडब्ल्यूच्या (भरलेल्या गाडीच्या मंजूर कमाल वजनाच्या) वर जात असेल तर माझा सल्ला लागू नाही, आधी सामान काढा. अर्बेनिया (फोर्सचीच दुसरी व्हॅन) असेल तर पुढचं सस्पेंशन इंडिपेंडंट, म्हणजे प्रत्येक चाकाचं वेगळं आहे, तिथला विषय वेगळा. आणि मोठे बदल करण्याआधी आरटीओत विचारा, मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ वाचा.

आई आता बरी आहे, गेल्या वर्षी गुहागरही झालं, तिला मधल्या बाकावर बसवलं, दोन्ही ॲक्सलच्या मधे. काट्याचे आकडे आले की इथं टाका, पुढचे-मागचे वेगळे. आणि तोपर्यंत आई-वडिलांना मागच्या बाकावर बसवू नका.