रोजच्या वापराला छोटा टॅब बरा, की जुना स्मार्टफोनच पुढे चालवावा?

तुमचा प्रश्न असा आहे की २०१९-२० च्या सुमारास घेतलेला फोन आता दुपारपर्यंतच टिकतो, तर तो ठेवून द्यावा आणि आठ-पावणेनऊ इंची टॅब घेऊन त्यावरच सगळं भागवावं का. माझ्या मते नाही. फोनच्या जोडीला टॅब उत्तम, फोनच्या जागी नाही.

मी कोल्हापुरात, मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात हिशेबाला असतो. जुना अँड्रॉइड फोन खिशात आणि ८.७ इंची टॅब गल्ल्याशेजारी, दोन्ही रोज हाताखाली असतात.

आधी टॅबचं कौतुक. लोक म्हणतात, फोन साडेसहा इंची, टॅब पावणेनऊ, दोन इंचांत काय असा मोठा फरक पडणार? पण हे माप तिरकं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं असतं. साडेसहा इंची फोन रुंदीला पावणेतीन इंचसुद्धा भरत नाही. हा टॅब साडेचार इंचांच्या जवळ जातो. पडद्याचं क्षेत्रफळ दुपटीहून जास्त होतं. आडवा धरला तर साडेसात इंच रुंदी मिळते आणि ए-फोर कागद असतो सव्वाआठ इंच. म्हणजे सातबारा जवळजवळ कागदावर दिसतो तसा दिसतो. फोनवर खातेदाराचं नाव वाचून क्षेत्र बघायला सरकवलं की नाव गेलं, फेरफार क्रमांक बघायला गेलं की क्षेत्र गेलं, असं चालतं. शेतकरी समोर बसलेला असताना त्याच्या गुळाच्या विक्रीची हिशेबपट्टी त्याला दाखवायची तर टॅब त्याच्याकडे नुसता वळवायचा. गुळाचे किती रवे (ढेपा), काय दर, हमाली किती वजा झाली, सगळं एका नजरेत. चष्मा शोधावा लागत नाही.

एक गोष्ट मात्र दुकानदार सांगत नाहीत. स्वस्त टॅबचा पडदा बहुधा १३४० बाय ८०० पिक्सेलचा असतो, म्हणजे इंचाला १८० च्या आत. फुल एचडी फोनवर तेच ४०० च्या घरात. त्यामुळे ई-पेपरचं अख्खं पान टॅबवर उघडलं की मथळे झकास दिसतात, पण बारीक टायपात अनुस्वार आणि रफार पुसट होतात. मोठं करूनच वाचावं लागतं. मोठा पडदा म्हणजे स्वच्छ पडदा असं नाही.

आता अडचण कुठं येते बघा. यूपीआय ॲप सुरू करताना ते त्याच यंत्रातल्या सिमवरून बँकेकडे एसएमएस पाठवून नंबर पडताळतं. नुसत्या वाय-फायच्या टॅबला सिमच नाही, म्हणजे गाडी तिथंच अडली. सकाळी दूध-पाव घेण्यापासून पेट्रोल पंपापर्यंत सगळीकडे स्कॅन करायची सवय लागलेल्या माणसानं हे आधी तपासावं. सिमचे टॅब मिळतात, पण त्यातले काही फक्त इंटरनेटपुरते असतात, कॉल लागत नाही.

घरी शेती असेल तर आणखी एक. सातबाऱ्यावर पीक नोंदवायच्या ई-पीक पाहणी ॲपवर पिकाचा फोटो शेतात उभं राहून काढायचा असतो आणि ते तुमचं ठिकाण तपासतं. वाय-फायवाल्या आयपॅडला जीपीएस नसतंच, बाकीच्या टॅबमध्येही असेलच असं धरून चालू नका. शिवाय उसाच्या सरीत एका हातात टॅब धरून दाखवा मला! स्वस्त टॅबच्या कॅमेऱ्याला फ्लॅशही बऱ्याचदा नसतो. गोदामातल्या अंधारात मी फोनच काढतो.

आणि आपल्याकडचा पाऊस. जून ते सप्टेंबर फोन रेनकोटच्या आतल्या खिशात निभावतो. टॅबला पिशवी लागते, पिशवीला प्लॅस्टिक लागतं, आणि मग माणूस तो घरीच ठेवतो.

व्हॉट्सॲपची काळजी नको. मुख्य खातं फोनवर ठेवून टॅब जोडता येतो, फोन सोडून चार यंत्रं जोडता येतात. फोन बंद असला तरी टॅबवर मेसेज येत राहतात, फक्त चौदा दिवस फोनवर व्हॉट्सॲप उघडलंच नाही तर टॅबवरून बाहेर काढलं जातं. म्हणजे जुना फोन कपाटात टाकून चालत नाहीच.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी फोनची बॅटरी बदला. इतकी वर्षं रोज चार्ज झालेली लिथियम बॅटरी दुपारीच मान टाकणार, त्यात फोनचा दोष नाही, आणि ती बदलायचा खर्च टॅबच्या किमतीच्या पासंगालाही पुरत नाही. स्टोरेज तुडुंब भरलं असेल तर गुड मॉर्निंगचे व्हिडिओ काढून टाका; अर्धा मंदपणा त्यातच असतो. पाठचं झाकण फुगून वर आलं असेल तर मात्र आजच चार्जिंग बंद करा, उद्यावर टाकू नका. आणि फोनचे सुरक्षा अपडेट कधीचेच थांबले असतील, बँकेचं ॲप कुरकुरायला लागलं असेल, तर ते पैसे नव्या साध्या फोनला लावा, टॅबला नको.

हे सगळं करून हातात पैसे उरले आणि घरात वाचन, पोरांचा अभ्यास, पीडीएफ असं काम असेल, तर टॅब घ्या. चार जीबी रॅमच्या खाली जाऊ नका, मेमरी कार्डाची सोय बघा. कोल्हापुरात राजारामपुरीच्या दुकानांत घ्यायला जाल तेव्हा स्वतःचं सिम बरोबर न्या, टॅबमध्ये घालून एक कॉल लावून बघा, यूपीआय ॲप तिथंच उतरवून नोंदणी होते का तेही बघा, आणि मगच बिल करायला सांगा.