तोंड नाही, मग घास कसा घेते?

प्रश्न : मुलगी अकरावीला आहे. पांढरी पेशी जंतूला 'गिळंकृत करते', एवढंच तिच्या पुस्तकात आहे. तोंड नाही, हात नाहीत, मग गिळते कशाच्या जोरावर?
(एक पालक, तासगाव)

उत्तर : ताई, लेक त्या शब्दावर अडली, फार बरं झालं.

शाळेत असताना पावसाळा सरला की मी सांगलीच्या काळ्या खणीतलं पाणी वर्गात न्यायचो. कुजक्या पानाखालचा बुळबुळीत थर काचपट्टीवर घेतला की कधीतरी अमीबा सापडे. एकदा तो पोरांसमोर एका बारक्या जिवाला भिडला. एकीकडून फुगवटा आला, दुसरीकडून दुसरा, टोकं जुळली, घास आत! पांढऱ्या पेशीची रीतही हीच.

जोर येतो ॲक्टिन या प्रथिनातून. ब्रूनो स्ट्राउब यांनी १९४२ साली हंगेरीत ते स्नायूतून वेगळं काढलं. पेशीत त्याचे सुटे मणी विखुरलेले असतात. जंतू आवरणाला चिकटला की आत निरोप जातो आणि नेमके तिथेच मणी जोडून काड्या वाढू लागतात. काडी जेमतेम ७ नॅनोमीटर जाड. तिच्या अंगातून साधारण ७० अंशात नवी फांदी फुटते. ती काढून देतो 'आर्प २/३' हा प्रथिनांचा गट. बघता बघता दाट परांची उभी राहते. नवा मणी बसतो तो आवरणाकडच्या टोकाला, म्हणून आवरण पुढे रेटलं जातं आणि जंतूभोवती वाटी चढत जाते. वाटी मिटत आली की तळाची परांची सुटते, मणी पुढच्या कामाला मोकळे.

काही बुरशींतलं सायटोकॅलेसिन नावाचं द्रव्य काड्यांची वाढ अडवतं. ते दिलेल्या पेशीला जंतू चिकटतो, पण आत जात नाही. मला हा प्रयोग फार आवडतो : धरणं वेगळं, गिळणं वेगळं, हे त्यात लख्ख दिसतं.

शंभरेक नॅनोमीटरच्या बारीक घासाला मात्र आपल्या पेशींना दर वेळी ॲक्टिन लागतंच असं नाही; आवरण ताणलेलं असलं तर लागतं. यीस्टला लागतंच, कारण तिच्या आतला दाब मोठा.

विस्कॉट-ऑल्ड्रिच या दुर्मीळ जन्मजात आजारात आर्पला कामाला लावणारं प्रथिनच सदोष असतं. असल्या मुलांना पुन्हा पुन्हा संसर्ग होतो.

लेकीला ओढ्यातलं एक कुजकं पान कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघू द्या. उजेड कमी ठेवायचा, नाहीतर अमीबा दिसत नाही.