नववीच्या वर्गातल्या ६० मुलांचे करिअर पोर्टफोलिओ करून घ्यायचे आहेत. सुरुवात कुठून करू?

तुमच्या प्रश्नातून कळलं ते असं: तालुक्याच्या गावची अनुदानित शाळा, नववीचा पट ६०, संगणक कक्षात आठच यंत्रं चालू, आणि मुख्याध्यापकांना दिवाळीच्या सुट्टीआधी प्रत्येक मुलाचा पोर्टफोलिओ, म्हणजे त्याने केलेल्या कामांच्या निवडक नमुन्यांची फाइल, हवा आहे. एवढ्या साधनांत काम होतं. फक्त संगणक कक्षाचा नाद सोडा आणि कागदावर सुरू करा. टंकलेखन, रंगीत पानं, तयार साचे यांत पहिले दोन महिने जातात आणि आत घालायला काहीच जमलेलं नसतं.

पालकांना आधी एक गोष्ट स्पष्ट सांगा, नाहीतर पुढे ऐकून घ्यावं लागेल. या फाइलीमुळे अकरावीला चांगलं कॉलेज मिळणार नाही. अकरावीचा आणि आयटीआयचा प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो. एमएचटी-सीईटी, जेईई, नीट यांपैकी कुठेही पोर्टफोलिओ कोणी उघडून बघत नाही. डिझाइनकडे जाणाऱ्यांनाही तो सगळीकडे लागत नाही. निफ्ट या फॅशन शिक्षणाच्या संस्थेत दिलेल्या साहित्यातून वस्तू करून दाखवायची परीक्षा असते, आयआयटीच्या यूसीड या डिझाइन प्रवेश परीक्षेत चित्र काढायचा भाग असतो, पण पुण्याच्या सिंबायोसिस डिझाइन संस्थेत लेखी परीक्षेनंतर पोर्टफोलिओ समोर ठेवून बोलणं होतं. परदेशातल्या कला आणि वास्तुकलेच्या बऱ्याच अभ्यासक्रमांना तो मागतात. तुमच्या वर्गातल्या बहुतेकांसाठी मात्र त्याचा पहिला वाचक ते मूलच असणार. दहावीच्या निकालानंतर ‘सायन्स घेऊ की आयटीआय’ यावर घरात वाद होतो, तेव्हा दोन वर्षांच्या तारखा घातलेल्या नोंदी हातात असणं, हा खरा उपयोग.

आता साहित्य. प्रत्येकाला ए-४ कागद न दुमडता मावेल असं एक जाड खाकी पाकीट आणि २० पारदर्शक कप्प्यांची एक फाइल. पाकिटात कच्चा माल पडत राहतो, फाइलीत त्यातलं निवडलेलं तेवढंच जातं. ही दोन वेगळी ठेवणं महत्त्वाचं आहे. एकच फाइल दिली की मूल फक्त देखणं तेवढं ठेवतं आणि खाडाखोडीचे कागद फेकून देतं, आणि आपल्याला नेमके तेच हवे असतात. पाकिटं वर्गातल्या कपाटात हजेरी क्रमांकाने लावा. घरी नेली की निम्मी परत येत नाहीत.

पाकिटात जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला अर्ध्या ए-४ची नोंदपट्टी टाचायची. तिच्यावर तारीख, काय केलं, त्यात माझं काम कोणतं, किती वेळ लागला, काय बिघडलं, आणि पुन्हा केलं तर काय बदलीन. पट्टी त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी लिहायची. सत्राच्या शेवटी एकदम लिहायला बसवलं की ‘काय बिघडलं’ या ओळीपुढे सगळे ‘काही नाही’ लिहितात.

पहिल्या पट्ट्या कशा येतील ते आधीच सांगता येतं: ‘मी विज्ञान प्रदर्शनात भाग घेतला. मला खूप शिकायला मिळाले.’ ही पट्टी परत द्या. हवी ती अशी: ‘ठिबकच्या नळीच्या टोकाला पाणी कमी पडतं का, हे आम्ही चौघांनी पाहिलं. माझं काम प्रत्येक ड्रिपरखाली पेला ठेवून १० मिनिटांचं पाणी मोजायचं. पहिल्या दिवशी टाकी अर्धीच भरलेली होती म्हणून आकडे फेकले आणि दुसऱ्या दिवशी परत मोजलं.’ फळ्यावर या दोन पट्ट्या शेजारी-शेजारी लिहिल्या तर वेगळं व्याख्यान द्यावं लागत नाही. लिहिणं मराठीतच होऊ द्या. इंग्रजीचा आग्रह धरला की मुलं गाइडमधली वाक्यं उतरवतात.

पाकिटात काय टाकायचं हे मात्र मोकळं ठेवा. शाळेतलं काम हा एक भाग झाला. घरच्या दूध संकलनाचा हिशेब, वडिलांच्या दुकानात उघडून पुन्हा जोडलेला मिक्सर, आईच्या बचत गटासाठी लिहिलेली वही, धाकट्या भावंडाला शिकवताना केलेली पाढ्यांची कार्डं, हे सगळं चालतं. तुमच्याकडे पाबळच्या विज्ञान आश्रमाच्या धर्तीवर मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय किंवा एखादा एनएसक्यूएफ (राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा) व्यवसाय विषय असेल, तर तिथल्या कामाचे फोटो आणि मापांची रेखाटनं थेट इथे येतील.

प्रमाणपत्रांबद्दल माझं मत जरा कडक आहे. फी भरली की सगळ्यांना मिळणारी ऑलिम्पियाडची कागदं फाइलीत नकोत. शासकीय रेखाकलेची इंटरमिजिएट परीक्षा वेगळी, कारण तिच्या अ श्रेणीला दहावीत ७, ब श्रेणीला ५ आणि क श्रेणीला ३ वाढीव गुण मिळतात आणि प्रस्ताव शाळेमार्फतच जातो. तरीही फाइलीत झेरॉक्स लावा, सोबत सरावाची दोन स्थिरचित्रं ठेवा, एक जूनमधलं आणि एक परीक्षेच्या आधीचं. मूळ प्रमाणपत्र घरी राहू द्या. त्याला भोक पाडू नका आणि लॅमिनेशनही करू नका, पुढे साक्षांकनाच्या वेळी लॅमिनेट केलेला कागद अडचणीचा ठरतो. प्रदर्शनासाठी बाजारातून आणलेली तयार थर्माकोलची मॉडेलं तर पाकिटाजवळही येऊ देऊ नका.

फोटो तीनच: सुरुवातीचा, मधला, शेवटचा. दिवसाच्या उजेडात, वस्तूशेजारी फूटपट्टी ठेवून. चषक हातात धरलेला फोटो काही सांगत नाही. पालकांच्या फोनवरून व्हॉट्सॲपने मागवणार असाल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, एरवी फोटो दाबला जाऊन त्यातले आकडे वाचता येत नाहीत. आधार क्रमांक, घरचा पत्ता, मोबाइल क्रमांक फाइलीत कुठेही नको, आणि मुलांचे चेहरे दिसणारे फोटो शाळेच्या उघड्या पानावर टाकू नका. १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घेण्याची तरतूद २०२३च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्यातच आहे.

‘करिअर’चा भाग इथे येतो. पहिल्याच पानावर ‘माझे ध्येय’ लिहून घेतलंत तर ६० पैकी बरेचसे निबंधाच्या पुस्तकातून येतील. ते पान शेवटी न्या. दर सत्राला तारीख घालून दोन ओळी, आधीच्या ओळी न खोडता. दरम्यान प्रत्येकाने सत्रात एका कामकरी माणसाशी बोलायचं: वायरमन, आशाताई, कृषी सेवा केंद्राचे चालक, बँकेतले रोखपाल. विचारायचं एवढंच की सकाळी आल्यावर पहिलं काम काय, शिकलेल्यापैकी खरंच काय वापरता, काय नकोसं वाटतं, आणि या कामाला लागेपर्यंत किती वर्षं गेली. पगार विचारायला लावू नका. माणूस अवघडतो आणि पुढचं बोलत नाही.

निमशहरी नववीत ‘पोलीस’ किंवा ‘आर्मी’ लिहिणारे भरपूर असतात. त्यांना हसू नका, त्यांच्याकडूनच सगळ्यात नेमका पोर्टफोलिओ करून घेता येतो. राज्याच्या पोलीस शिपाई भरतीत उंचीची अट मुलांना १६५ सेंमी आणि मुलींना १५५ सेंमी, धावणं १६०० आणि ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. लेखीत अंकगणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान आणि मराठी व्याकरण. म्हणजे पाकिटात काय जायचं ते ठरलंच: सत्राच्या सुरुवातीला उंची, पंधरा दिवसांनी एकदा धावण्याची वेळ, आणि गणित-व्याकरणाच्या चुकांची वही. मैदानाची फेरी आधी टेपने मोजा. ‘साधारण २०० मीटर’ म्हणून धरलेली फेरी १९० निघाली तर आठ फेऱ्यांत ८० मीटर कमी पडतात आणि मुलगा उगाच खूश राहतो. वेळ सुधारत नाही आणि व्याकरण मात्र आवडायला लागलंय, हे त्या मुलाला स्वतःच्या आकड्यांतून दिसलेलं बरं. आपण सांगितलं तर तो ऐकत नाही.

तुमचा वेळ कुठे जाईल? तपासण्यात नाही, बोलण्यात. एका तासाला १० मुलं, प्रत्येकी तीन मिनिटं, असे सहा तास म्हणजे एक फेरी. कार्यानुभवाचे किंवा ऑफ तास वापरा, बाकीची मुलं तेवढ्यात पट्ट्या लिहितील. विचारायचं: यातलं तू एकट्याने किंवा एकटीने काय केलंस? पुन्हा करायचं तर काय वेगळं? कंटाळा नेमका कुठे आला? तिसऱ्या उत्तरातून कल सगळ्यात जास्त कळतो. आकडेमोडीला कंटाळलेला मुलगा आणि लोकांशी बोलायला कंटाळलेली मुलगी एकाच प्रकल्पात असू शकतात. उत्तराची एक ओळ तुम्ही पट्टीवर लिहा आणि सही करा. गुण देऊ नका. गुण आले की ‘काय बिघडलं’ पुन्हा ‘काही नाही’ होतं. एनएसक्यूएफ विषयाच्या प्रात्यक्षिकासाठी पोर्टफोलिओ लागत असेल तर त्यासाठी प्रत वेगळी काढा.

सत्र संपताना पाकिटातल्या चार वस्तू निवडून फाइलीत. त्यांत एक अर्धवट राहिलेली किंवा फसलेली असायलाच हवी आणि निवड मुलाचीच. पालक निवडायला बसले की चारही प्रमाणपत्रं येतात. हुशार मुलांच्या घरी तर हमखास.

मुख्याध्यापकांना दिवाळीआधी भरलेल्या ६० फाइली दाखवायचा प्रयत्न करू नका, त्या रात्रभर जागून बनवलेल्या असतील आणि ६०च्या ६० सारख्या दिसतील. चार वस्तू, चार पट्ट्या, एक मुलाखत आणि ध्येयाच्या दोन ओळी, एवढं प्रत्येकाचं दाखवा. संगणक दहावीच्या जानेवारीत लागेल, तोही ज्यांना कुठे अर्ज करायचा आहे त्यांनाच. निवडक सहा पानं स्कॅन करून दोन-तीन एमबीची एक पीडीएफ करायची आणि तिचं नाव इंग्रजी अक्षरांत द्यायचं, कारण काही संकेतस्थळं देवनागरी नावाची फाइल घेतच नाहीत.