पोटाचे डायलिसिस सोडण्याआधी

प्रश्न : माझ्या ६१ वर्षांच्या आईची मूत्रपिंडे मधुमेहामुळे निकामी झाली असून दीड वर्षापासून ती घरीच पोटाचे डायलिसिस (पोटात बसवलेल्या नळीतून पिशवीतले औषधी पाणी भरून, काही तासांनी ते बाहेर काढून रक्त शुद्ध करण्याची पद्धत) घेते. दिवसातून तीन वेळा पिशवी माझी पत्नी बदलते. गेल्या महिन्यात पोटात जंतुसंसर्ग झाला. तो बरा झाला, पण आता आई ‘हे सगळे बंद करा’ म्हणते. रक्ताच्या डायलिसिसचे (यंत्रातून रक्त शुद्ध करण्याचे) केंद्र आमच्या गावापासून सत्तर किलोमीटर दूर आहे. लोक ही पद्धत मध्येच का सोडतात? आम्ही काय करावे?
— एक वाचक, धाराशिव जिल्हा

उत्तर : ‘बंद करा’ म्हणताना आपल्या आईंना घरच्या पिशव्या नकोत की उपचारच नकोत, हे त्यांना निवांतपणे, शक्यतो डॉक्टरांसमोर विचारावे. मूत्रपिंडांचे काम जवळपास थांबलेले असताना डायलिसिस पूर्ण बंद केल्यास रुग्ण सहसा काही दिवस ते काही आठवडेच जगतो. पिशव्यांचा कंटाळा ही अगदी वेगळी गोष्ट आहे आणि तिच्यावर उपाय असतात.

ही पद्धत सोडण्याचे सर्वांत मोठे वैद्यकीय कारण म्हणजे आपल्याकडे झाला तोच जंतुसंसर्ग. मात्र एकदा संसर्ग झाला म्हणून पद्धत सोडावी लागत नाही. बहुतेक वेळा प्रतिजैविकांनी तो बरा होतो. संसर्ग वारंवार होऊ लागला किंवा तो बुरशीचा असला, तर नळी काढावी लागते. काही रुग्णांत काही वर्षांनी पोटाच्या आतल्या पडद्यातून शरीरातले पुरेसे पाणी निघेनासे होते, हे दुसरे कारण. बाहेर आलेले पाणी गढूळ दिसल्यास ती पिशवी फेकू नये. ती घेऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

परंतु माझ्या मते पुष्कळ घरांत खरा प्रश्न पिशवी बदलणाऱ्या व्यक्तीचा असतो. हात धुणे, मास्क लावणे, पंखा बंद करणे, पाणी बाहेर काढून नवे भरणे यांत दर वेळी अर्धा-पाऊण तास जातो, आणि या कामाला ना रविवार असतो, ना सणवार. आपल्या पत्रात पत्नीचा उल्लेख एका वाक्यात संपतो, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे. घरातल्या दुसऱ्या कोणीतरी, अर्थात आपण स्वतः, रुग्णालयात जाऊन ही पद्धत शिकून घ्यावी. आईंची दृष्टी व हात ठीक असतील, तर एखादी पिशवी त्याही बदलू शकतील. रात्री झोपेत पाणी आपोआप बदलणारे यंत्रही मिळते, पण त्याचा खर्च जास्त आहे.

खर्च हेही सोडण्याचे कारण असते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाचा भर आधी केंद्रांतील रक्ताच्या डायलिसिसवर होता. पोटाच्या डायलिसिसची मार्गदर्शक तत्त्वे २०१९ मध्ये आली. पिशव्यांसाठी सध्या कोणत्या योजनेतून मदत मिळू शकेल, याची चौकशी रुग्णालयातील समाजसेवकांकडे करावी.

जे ही पद्धत टिकवतात, त्यांना बहुधा रक्ताच्या डायलिसिससाठी आठवड्यातून दोन-तीनदा करावा लागणारा प्रवास नको असतो. शिवाय उरलीसुरली लघवी या पद्धतीत सहसा अधिक काळ टिकते आणि पाणी पिण्याचे पथ्यही थोडे सैल राहते. आपल्या बाबतीत सत्तर किलोमीटरचे अंतर पाहता, दुसरा माणूस शिकून तयार होईपर्यंत तरी निर्णय घेऊ नये, असे मला वाटते. तरीही रक्ताच्या डायलिसिसकडे वळायचेच ठरले, तर हातावर फिस्टुला (शस्त्रक्रियेने धमनी व शीर जोडून केलेली, सुया टोचण्याची जागा) आधीच करून घ्यावा, कारण तो वापरण्याजोगा व्हायला साधारण सहा आठवडे किंवा अधिक लागतात. त्या हातातून रक्त काढू देऊ नये आणि त्यावर रक्तदाबही मोजू देऊ नये.