माणसाला समाज कशासाठी लागतो, आणि वेगळ्या भाषेच्या शेजाऱ्याशी नीट कसे नांदावे?

माणूस एकटा राहून सुखी का होत नाही आणि भाषा, जात वेगळी असलेल्या लोकांनी एकमेकांशी कसे नांदावे, असे आपण विचारले आहे. पहिल्या भागाचे उत्तर सरळ आहे. गाईचे वासरू जन्मल्यावर तासा-दोन तासांत उभे राहते, माणसाच्या पोराला त्यासाठी वर्ष लागते, आणि त्या वर्षात त्याच्या आईला कोणी तरी करून घालावे लागते. ज्याला समाजाची गरज नाही तो एक तर पशू किंवा देव, असे ॲरिस्टॉटल म्हणून गेला. याहून खोलात मी जात नाही, कारण माझे दुखणे प्रश्नाच्या दुसऱ्या भागात आहे.

मी बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातला, मार्कंडेय नदीकाठी भात पिकवणारा शेतकरी आहे. आमच्याकडे नट्टी, म्हणजे भाताची रोपलावण, पैऱ्याने होत आली आहे. तरवा, म्हणजे वाफ्यातली रोपे, तयार झाला की तो लावावाच लागतो, आणि चिखल सगळ्यांच्या शेतात एकाच पावसाने होतो, त्यामुळे त्या पंधरवड्यात प्रत्येकाला माणसे एकाच वेळी हवी असतात व खिशातल्या पैशाला फारशी किंमत उरत नाही. आज तुम्ही माझ्या चिखलात वाका, उद्या मी तुमच्या चिखलात वाकतो, एवढाच व्यवहार चालतो. आमचा बांधाशेजारी कानडी बोलणारा आहे आणि त्याच्या भाषेत याला मुय्यी म्हणतात. त्याची बायको हा हिशेब दाराच्या आतल्या बाजूला चुन्याच्या बोटाने मांडते: माणसाच्या दिवसाला उभी रेघ, बैलजोडीच्या दिवसाला फुली, आणि दिवस फिटला की त्या रेघेवर ओला अंगठा.

2019 साली माझ्या थोरल्या भावाने पॉवर टिलर घेतला. जुलैत शेजाऱ्याच्या घरची चार माणसे एक दिवस आमच्या शेतात राबून गेली होती. ते फेडायची वेळ आली तेव्हा दादा म्हणाला की आता आपल्याला कोणाची गरज नाही, मागतील तेव्हा मजुरी फेकू. (टिलर चिखल करतो, रोप लावत नाही, हे मी तेव्हाच बोललो होतो.) ऑगस्टमध्ये मार्कंडेयला पूर आला आणि लावलेले भात पाण्याखाली कुजून गेले. दुबार लावणीसाठी तरवा, वाढलेला आणि पिवळट पडू लागलेला का होईना, शिल्लक होता तो नेमका त्याच शेजाऱ्याच्या माळाकडच्या वाफ्यात. दादा पैसे घेऊन गेला. शेजाऱ्याचेही खालचे शेत पुन्हा लावायचे होते, त्याने नोटांकडे पाहिलेसुद्धा नाही आणि म्हणाला, "मोदलु मुय्यी, आमेले मातु." आधी मुय्यी, मग बोलणे.

दादा परत आला. दुसऱ्या दिवसापासून मी आणि माझी पत्नी दोन दिवस त्याच्या चिखलात वाकलो. तिसऱ्या दिवशी सकाळी तरव्याच्या मुठी बांधून आमच्या बांधावर ठेवलेल्या होत्या, आणि त्यांचे पैसे त्याने अखेरपर्यंत घेतले नाहीत.

दादाच्या मते तो अपमान होता, माणुसकी असती तर त्याने तसाच दिला असता, आणि आम्ही मराठी म्हणूनच त्याने अडवले. हे मला साफ अमान्य आहे. त्याच आठवड्यात त्याचा सख्खा चुलत भाऊ तरवा मागायला आला होता आणि त्यालाही हेच उत्तर मिळाले. मी तेव्हा गुडघाभर चिखलात उभा राहून ते ऐकले आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी आम्हाला म्हैसूर राज्यात घातले ते आमच्या मनाविरुद्ध, आणि महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याकडे मीही डोळे लावून बसलो आहे. पण त्या दाव्यात माझा बांधाशेजारी प्रतिवादी नाही.

म्हणून "प्रेमाने राहा" हा उपदेश मला निरुपयोगी वाटतो. हिशेब उघडा ठेवावा, देणे असेल तर त्याने मागण्याआधी स्वतः जावे, माणसाच्या बदल्यात नोट पाठवू नये, आणि शेजाऱ्याच्या भाषेत निदान मोजता व भांडता यावे. 2009 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी पाणी, कुरणे, मासेमारी सामाईक वापरणाऱ्या लोकांचा अभ्यास केला. जिथे व्यवस्था टिकली तिथे नियम वापरणाऱ्यांनीच ठरवलेले, लक्ष ठेवणारे त्यांच्यातलेच किंवा त्यांना जबाबदार, आणि चुकणाऱ्याला आधी हलकी शिक्षा, असे त्यांना आढळले. हे मी दादाला वाचून दाखवले, तेव्हा त्या बाईंना कानडी शेजारी नव्हता, असे तो म्हणाला.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. पैरा हा जमीन असणाऱ्यांचा व्यवहार आहे. ज्याला शेतच नाही त्याचा दिवस कोणाच्या चिखलात फेडणार? आमच्या गावातल्या भूमिहीन घरांच्या नावाने कोणाच्या दारावर रेघ नव्हती, त्यांना मजुरीच मिळत असे आणि तीही कमी. तेव्हा आमच्या पैऱ्याचे गोडवे त्यांच्यासमोर गाण्याचा मला अधिकार नाही.

सध्या शेजाऱ्याकडे आमचे दीड दिवस येणे आहेत. मी ते मुद्दाम मागितलेले नाहीत, आणि दादाला याची खबर नाही.