डेटा न जाता मोबाईल सुरक्षितपणे रूट कसा करावा?

डेटा तसाच ठेवून रूट करून (म्हणजे फोनच्या सिस्टीमवर पूर्ण ताबा मिळवून) देतो असं कुणी म्हणत असेल, तर त्याच्या हातात फोन देऊ नका. रूट करायला आधी बूटलोडर, म्हणजे फोन चालू करताना सिस्टीम सुरू करणारा कुलूपबंद प्रोग्राम, अनलॉक करावा लागतो, आणि तो अनलॉक केला की फोन पुसला जातोच. हा बिघाड नव्हे. चोरानं बूटलोडर अनलॉक केला तरी त्याला आतलं काही दिसू नये, म्हणून ती सोय आहे. बूटलोडर आधीपासूनच अनलॉक असेल तरच नुसत्या रूटनं डेटा जात नाही.

मला हे 2019 साली नवी पेठेत कळलं. आमचे अप्पा सोलापुरी चादरीची जकार्ड डिझाइनं काढायचे. ग्राफ पेपरवर एकेक चौकोन तांबड्या पेन्सिलीनं भरायचे. अशोक चौकातलं घर सोडून जुळे सोलापुरात गेलो तेव्हा दाजी म्हणाले, "फोटो काढलेत ना, मग कागद कशाला वागवायचे?" दोन पोती रद्दीत गेली. डिझाइनं उरली ती अप्पांच्या 16 जीबीच्या फोनमध्ये. तो सारखा भरायचा आणि कंपनीची ॲपं काही निघत नव्हती. घरी कॉम्प्युटर नव्हता, म्हणून मी दुकानात दिला. पाचशे रुपये, डेटाला धक्का लागणार नाही, असं ठरलं.

संध्याकाळी फोन परत मिळाला तेव्हा स्क्रीनवर 'भाषा निवडा' असं आलेलं. अप्पांनी गॅलरी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. बोलले काहीच नाहीत. रिकव्हरीचे म्हणून दुकानदारानं वर दीड हजार मागितले. ते देऊन काही उपयोग नव्हता. स्टोरेज एन्क्रिप्ट असतं आणि पुसताना त्याची किल्लीच जाते.

त्यामुळे आधी सगळं कॉम्प्युटरवर उतरवा, दुसरी कॉपी पेन ड्राइव्हवर घ्या, आणि दोन्हीकडचे दहा-वीस फोटो उघडून बघा. व्हॉट्सॲपचा बॅकअप वेगळा घ्या. ओटीपीची ॲपं दुसऱ्या फोनवर हलवा, ती नुसत्या फाइल कॉपी करून येत नाहीत. मग बूटलोडर अनलॉक. मॅजिस्क या रूट करायच्या ॲपसाठी बूट इमेज (फोन सुरू होताना लागणारी सिस्टीमची फाइल) तुमच्याच बिल्ड नंबरची, म्हणजे फोनमधल्या सिस्टीमच्या नेमक्या आवृत्तीची, घ्या, दुसरी टाकली तर फोन लोगोवरच अडकू शकतो. मूळ इमेज जपून ठेवा, अडकलात तर बहुतेक फोनवर तीच फास्टबूटमधून (फोन कॉम्प्युटरला जोडून सिस्टीमच्या फाइल टाकायचा मोड) परत टाकायची असते.

दाजी आजही म्हणतात, रूटच्या नादानं सासऱ्यांची मेहनत गेली. दुकान मी निवडलं, ती चूक माझीच. पण अनलॉक करताना डेटा पुसला जाईल असा इशारा येतो, होकार दिल्याशिवाय पुढं जाताच येत नाही. दुकानदारानं तो वाचून होकार दिला. आणि कागद घरात असते तर फोन दहादा पुसला गेला असता तरी बिघडलं नसतं. कागद मी रद्दीत घातले नाहीत.

हो, एक राहिलं. रूट केल्यावर बँकेची आणि यूपीआयची काही ॲपं चालत नाहीत. सॅमसंग असेल तर नॉक्स या त्यांच्या सुरक्षा यंत्रणेचा फ्यूज कायमचा उडतो, नंतर रूट काढलं तरी सिक्युअर फोल्डर (खाजगी फाइलींचा कुलूपबंद कप्पा) परत येत नाही. रोजचे व्यवहार ज्या फोनवर आहेत तो रूट करू नका, जुना घ्या.

अप्पांची सदतीस डिझाइनं एका मागवाल्याकडं सापडली, त्याला व्हॉट्सॲपवर पाठवलेली. पण व्हॉट्सॲपनं फोटो इतके दाबलेत की चौकोन मोजता येत नाहीत.